भाषांतराची अमानत

मागील महिन्यात माझा भाचा जालन्यातील आपल्या महाविद्यालयातून घरी परतला तो मोठ्या उत्साहात. त्याच्या मोबाइलवर बायबलची दोन इंग्रजी भाषांतरे उघडलेली होती. योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे सातवे वचन त्याने मला दाखविले. जुन्या भाषांतरात स्वर्गातील तीन साक्षीदारांचा जो उल्लेख होता, तो नव्या भाषांतरात नव्हता. "मामू, उद्या हे वर्गात मित्राला दाखवतो. बघू, त्याच्याकडे काय उत्तर आहे!" हा मित्र ख्रिस्ती आहे आणि त्या कुटुंबाशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे.

मी त्याला एवढेच विचारले, "बेटा, तुला सत्य जाणून घ्यायचे आहे की मित्राला हरवायचे आहे?" तो गप्प झाला. त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो. त्या बोलण्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम त्या वचनाविषयी. तो उल्लेख प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. इरास्मस या विद्वानाने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत तो नव्हता. त्यावर टीका झाल्यानंतर १५२२ च्या आवृत्तीत तो आला आणि पुढे राजा जेम्सच्या आज्ञेने १६११ मध्ये सिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरातही उतरला. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारातून मात्र ख्रिस्ती विद्वानांनीच तो वगळला. म्हणजे ज्या गोष्टीचा 'शोध' लावल्याचा आनंद माझ्या भाच्याला झाला होता, ती त्या धर्माच्या अभ्यासकांनी स्वतःच शोधून जाहीर केली होती. दुसऱ्याने प्रामाणिकपणे दिलेली कबुली त्याच्याच विरुद्ध शस्त्र म्हणून वापरणे, हा न्याय होईल काय?

प्रत्येक फरक अशा प्रकारचा नसतो, हेही लक्षात घ्यावे. काही फरक मूळ हस्तलिखितांतील असतात, तर बहुतेक फरक भाषांतरकाराने केलेल्या शब्दांच्या निवडीतून येतात. ही निवडही क्षुल्लक नसते. विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये इंग्रजीत नवा करार छापला. 'चर्च' या अर्थाच्या शब्दाऐवजी त्याने 'मंडळी' या अर्थाचा शब्द योजला. धर्मसत्तेला तो सहन झाला नाही, कारण त्या एका शब्दाने अधिकार पुरोहितांच्या हातून सामान्य भाविकांच्या हाती जात होता. पाखंडाच्या आरोपावरून १५३६ मध्ये टिंडेलला देहदंड झाला. राजा जेम्सने आपल्या भाषांतरकारांना घालून दिलेल्या नियमांत 'चर्च' हाच शब्द कायम ठेवावा, अशी स्पष्ट सूचना होती. तरीही त्या भाषांतराचा मोठा भाग टिंडेलच्याच शब्दांवर उभा आहे.

ही कथा दूरच्या इंग्लंडची झाली. आपल्या जालन्याच्या मातीतही अशा भाषांतराच्या खुणा आहेत. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. हे नाव हिब्रू आहे. 'बेथ' म्हणजे घर आणि 'एल' म्हणजे ईश्वर. अरबीतील 'बैत' आणि 'इलाह' हे याच शब्दांचे सगे आहेत. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषेतील ग्रंथ मराठवाड्यातील शेतकऱ्यापर्यंत पोहोचायचा, तर तो मराठीतच यावा लागणार होता. प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठविले गेले, ही कुरआनची शिकवण (सूरह इब्राहीम : ४) येथे आठवते.

पुढे पंडिता रमाबाईंनी उपलब्ध मराठी बायबलवर समाधान न मानता हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशा सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने ते संपूर्ण प्रसिद्ध केले. भाषांतर कोणासाठी करायचे, हे आधी ठरले की शब्द कसे बदलतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता आपल्याकडे वळू. मार्मड्यूक पिक्थॉल यांनी हैदराबादच्या निजामाच्या सेवेत असताना कुरआनच्या इंग्रजी भाषांतराचे काम केले. त्यासाठी निजाम सरकारने त्यांना रजा दिली होती. त्या काळी आपले जालना याच संस्थानात होते. १९३० मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुरआनचे भाषांतर होऊच शकत नाही, अशी पिक्थॉल यांची धारणा होती. म्हणून ग्रंथाच्या नावातच त्यांनी हा कुरआनचा 'अर्थ' असल्याचे सांगितले. सूरह अल-बकराच्या आरंभी येणाऱ्या 'मुत्तकीन' या शब्दासाठी त्यांनी वाईटापासून स्वतःचा बचाव करणारे, असा अर्थ घेतला, तर अब्दुल्लाह यूसुफ अली यांनी अल्लाहचे भय बाळगणारे, असा घेतला. दोन्ही छटा मूळ शब्दात आहेत. उद्या कोणी ही दोन पाने समोर ठेवून "तुमचा ग्रंथ बदलला" असे म्हणाला, तर आपण त्याला काय सांगू? मूळ अरबी मजकूर तोच आहे, फरक भाषांतरात आहे, हेच ना? मग जे माप आपण स्वतःसाठी मागतो, तेच शेजाऱ्यासाठी वापरले पाहिजे. एखाद्या समूहाशी असलेल्या वैरानेही न्यायापासून ढळू नये, अशी ताकीद सूरह अल-माइदा (८) मध्ये आहे. येथे तर वैर नसून घरोबा आहे.

याचा अर्थ आपल्या श्रद्धेत काही तडजोड करावी, असा मुळीच नाही. पूर्वीच्या ग्रंथांत मानवी हस्तक्षेप झाला, ही कुरआनची साक्ष आहे (सूरह अल-बकरा : ७५, ७९) आणि आमचा त्यावर ईमान आहे. परंतु तो ईमान अल्लाहच्या वाणीवर उभा आहे, मोबाइलवरील दोन भाषांतरांच्या तुलनेवर नव्हे.

आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळातही हा प्रश्न उपस्थित झाला होता. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार ग्रंथधारक लोक तौरात हिब्रूत वाचत आणि मुस्लिमांना तिचा अर्थ अरबीत सांगत. त्यावर पैगंबरांनी (स.) शिकवले की, त्यांचे म्हणणे खरेही ठरवू नका आणि खोटेही ठरवू नका, आमच्याकडे व तुमच्याकडे जे अवतरले त्यावर आमचा ईमान आहे, असे सांगा. हा हदीस सहीह बुखारीत आहे. जे आपण मूळ भाषेत पडताळू शकत नाही, त्यावर निवाडा देण्याची घाई करू नये, हे या हदीसमधून शिकण्यासारखे आहे. आणि जेथे पडताळणी आवश्यक होती, तेथे पैगंबरांनी (स.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले, जेणेकरून पत्रव्यवहारात दुसऱ्यावर विसंबून राहावे लागू नये. एकीकडे संयम आणि दुसरीकडे परिश्रम, असे हे दुहेरी शिक्षण आहे.

म्हणून कोणतेही भाषांतर हाती घेताना काही गोष्टी पाहाव्यात. ते कोणी केले, मूळ भाषेतून केले की दुसऱ्या भाषांतरावरून, कोणत्या वाचकासाठी केले आणि संदिग्ध जागी टीप दिली आहे काय? एका शब्दावर अडल्यास दुसरे भाषांतर पाहावे आणि जाणकार आलिमांना विचारावे. भाषांतर ही अमानत आहे. ती जशी अनुवादकाकडे सोपवलेली असते, तशीच वाचकाकडेही असते.

दुसऱ्या दिवशी भाचा मित्राकडे गेला खरा, पण वादासाठी नव्हे. "तुमच्या घरी कोणते मराठी बायबल वाचतात?" असे त्याने विचारले. मित्राने आनंदाने सांगितले आणि उलट विचारले, "आणि तुमच्याकडे कुरआनचे कोणते मराठी भाषांतर वाचतात?" भाच्याला उत्तर देता आले नाही. आमच्या घरी कुरआनची तिलावत रोज होते, परंतु अर्थाचा ग्रंथ कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला होता. संध्याकाळी त्याने तो स्वतः खाली काढला.

वाचक बंधू-भगिनींनो, मित्राचा तो प्रश्न आपल्या प्रत्येक घराला लागू आहे. अल्लाह आपल्याला दुसऱ्यांच्या ग्रंथाविषयी न्यायाने बोलण्याची आणि आपला ग्रंथ समजून वाचण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.