बारा व्होल्ट

विजेला मी लहानपणापासून भितो. स्टुलावर चढून बल्ब बदलण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. त्यामुळे यंदा दिवाळीपूर्वी बागेतले दिवे मी स्वतः लावणार, असे जाहीर करताच हिने प्रथम माझ्याकडे आणि मग देवघराकडे पाहिले.

पण माझ्या धाडसामागे एक गुपित होते. आपल्या भिंतीतून वाहणारी वीज २३० व्होल्टांची. चुकून हात लागला तर ती प्राण घेऊ शकते. ट्रान्सफॉर्मर नावाची छोटी पेटी तिचा दाब १२ व्होल्टांवर आणते, आणि मग तिचा धाक उरत नाही. पेटी पडवीतल्या प्लगाशी ठेवली. बटण बंदच ठेवून नातवाने आणि मी वीतभर खोल चर खणला, तार पुरली आणि जास्वंदीपासून फाटकाजवळच्या पारिजातकापर्यंत तीन-तीन वॅटांचे आठ दिवे रोवले.

तिन्हीसांजेला बटण दाबले. पहिला दिवा झळाळला. पण पुढे पुढे उजेड उतरत गेला, आणि पारिजातकाखालचा आठवा नुसता मिणमिणत राहिला.

“आजोबा, पुढच्यांनी याला काही उरूच दिलं नाही!” नातू म्हणाला.

मलाही तसेच वाटले. पण दिवाळीसाठी आलेल्या माझ्या मुलाने मीटर लावून पाहिला. शेवटच्या दिव्याशी साडेदहा व्होल्ट होते. उरलेला दीड व्होल्ट पुढच्या दिव्यांनी नव्हे, वाटेतल्या बारीक तारेने खाल्ला होता. दाब कमी केला की तेवढ्याच उजेडासाठी प्रवाह जास्त लागतो. आठ दिव्यांच्या २४ वॅटांना २३० व्होल्टांवर सुमारे एक दशांश अँपिअर पुरतो. १२ व्होल्टांवर २ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह बारीक तारेतून लांब न्यायचा, म्हणजे वाटेत दाब घटणारच.

पेटीवर १४ व्होल्टांचीही जागा होती. मी तार तिथे जोडली. आठवा दिवा उजळला खरा. पण पहिल्याकडे पाहवेना, आणि त्याचे डोके चांगलेच तापले. मुलगा हसून म्हणाला, “बाबा, तुमची जुनीच रीत!”

तो सहज बोलून गेला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. मी मास्तर होतो, आणि घरीही मास्तरच होतो. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, याचा मला अभिमान होता. पोहोचत असे, हे खरे. पण जवळ बसणारा भाजून निघे, आणि सर्वांत जवळ बसणारा हाच मुलगा होता. शिक्षण संपताच त्याने दूरची नोकरी धरली. त्याचे फोन त्याच्या आईला येत.

मऊ वागण्याला आपण दुबळेपणा म्हणतो, कारण ते लांब पोहोचत नाही. यात तथ्य नाही असे नाही. सौम्य बोलणारे कितीतरी मास्तर तिसऱ्या बाकाशीच विरून गेलेले मी पाहिले आहेत. मग पोहोचणारी पण पोळणारी शक्ती, नाहीतर न पोळणारी पण न पोहोचणारी, एवढीच का निवड माणसापुढे आहे? आयुष्यभर मी हो म्हणत आलो. त्या रात्री प्रथमच शंका आली. जरबेला बारीक तार पुरते. हुकूम सोडायला ओळखदेख तरी कुठे लागते? सौम्यपणाला मात्र जाड तार लागते. वेळ द्यावा लागतो, ऐकून घ्यावे लागते, पुन्हा पुन्हा जवळ जावे लागते. सौम्यपणा दुबळा नसतो. तो महाग असतो. मी ती किंमत चुकवली, आणि त्या चुकवण्याला शिस्त हे नाव दिले.

सकाळी मुलाला घेऊन बाजारात गेलो आणि जाड तार आणली. ती थेट रांगेच्या मध्यावर नेली आणि तिथून दोन्हीकडे दिवे जोडले. पेटी पुन्हा १२ वर आली. आता आठवा दिवा पहिल्याच्या पंगतीला बसण्याइतका उजळतो.

चर बुजवताना मी मुलाला म्हणालो, “तू तार धर, मी माती लोटतो.” आवाज इतका हळू निघाला की माझा मलाच नवा वाटला. पण तो हातभर अंतरावरच होता. त्याला ऐकू गेले.