ऋणकोचा धर्म आणि धनकोचा

भिलाईत खुर्सीपार किंवा कॅम्प-दोनच्या गल्लीत, आठवड्यातल्या एका ठरलेल्या सकाळी, कुणाच्या तरी दारासमोर सतरंजी अंथरली जाते. दहा-पंधरा बायका येऊन बसतात. प्रत्येकीच्या हातात कर्जाचं कार्ड असतं आणि कार्डात घडी घातलेल्या नोटा. सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपनीचा तरुण कर्मचारी नावं पुकारतो, नोटा मोजतो, कार्डावर सही करतो. एखादी आली नसेल तर बैठक उठत नाही. तिचा हप्ता बाकीच्यांनी आपापसांत काढून भरायचा, नाहीतर सगळ्यांनी मिळून तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. या कर्जाला सोनं तारण नाही, घराचा कागद नाही. तारण आहे ती शेजारणींपुढची अब्रू.

म्हणूनच हा हप्ता बहुधा चुकत नाही. मुलाची फी थकते, गुडघ्याचं औषध पुढच्या महिन्यावर जातं, डाळ पातळ होते, पण हप्ता जातो. त्यामागे भीती आहे तशी श्रद्धाही आहे. न फेडलेलं कर्ज पुढच्या जन्मी सावकाराच्या घरी बैल होऊन फेडावं लागतं, हे आजीच्या गोष्टींत आहे आणि जुन्या धर्मशास्त्रातही आहे. देणं ठेवून मेलेल्याला गती नाही, असं मानणारी घरं आजही पुष्कळ आहेत. तेव्हा प्रश्न धर्माचाच आहे: कर्ज फेडणं हा धर्म खरा, पण तो किती? चुलीच्या आधी की चुलीनंतर? आणि धर्म काय तो घेणाऱ्यालाच लागू, देणाऱ्याला काहीच नाही?

भिलाई हे शहरच मुळी सुरक्षित पगाराच्या स्वप्नावर उभं राहिलं. पोलाद कारखान्यासाठी 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूर-विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबंही सेक्टरमधल्या क्वार्टरांत स्थिरावली. ठरलेल्या तारखेला पगार, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाला सेक्टर नऊचं रुग्णालय. अशा घरात कर्ज म्हणजे पगारातून कापला जाणारा एक आकडा. ठेकेदाराकडे हजेरीवर काम करणाऱ्याच्या घरात मात्र काम थांबलं की पैसे थांबतात आणि हप्त्याची तारीख थांबत नाही.

हिशेब मांडून पाहावा. समजा, नवरा-बायको मिळून महिन्याला 12,000 रुपये घरात आणतात. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमानुसार, वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं विनातारण सूक्ष्मकर्ज देताना त्याच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे 6,000 रुपये हप्त्यांत गेले तरी नियम मोडला असं होत नाही. खोलीचं भाडं अडीच हजार धरलं तर उरले साडेतीन. त्यात गॅस, वीज, तेल, भाजी, मुलांची शाळा, कामावर जाण्याचं भाडं. रेशनचा तांदूळ आहे आणि मार्च 2024 पासून राज्य सरकारच्या महतारी वंदन योजनेचे हजार रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले, म्हणून कशीबशी तोंडमिळवणी होते. मर्यादा घातली हे चांगलंच झालं. पण निम्मं उत्पन्न ही गरीब घरासाठी मर्यादा नव्हे, तो कडेलोटाचा काठ आहे.

आणि हे झालं नियमातलं कर्ज. त्यापलीकडे वस्तीतला खासगी सावकार असतो, शेकडा पाच, कधी शेकडा दहा दराचा, तोही महिन्याला.

या 'शेकडा पाच'ला फार जुना संदर्भ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितलं आहे. पाच पण हा दर व्यापाऱ्यांसाठी. रानावनातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जोखीम मोठी आणि नफाही मोठा, म्हणून दर चढा. आज तोच पाचाचा दर मुलाच्या तापासाठी दोन हजार उसने घेणाऱ्या बाईला लावला जातो. तिला या पैशातून कुठला नफा व्हायचा आहे? त्याच प्रकरणात कौटिल्य आणखी एक गोष्ट सांगतो: आजारी माणसाचं, गुरुकुलात शिकणाऱ्याचं, अज्ञान मुलाचं आणि ज्याच्यापाशी काही नाही अशा निर्धनाचं कर्ज व्याजाने वाढू देऊ नये. या यादीकडे थांबून पाहायला हवं. आजारपण, शिक्षण आणि दारिद्र्य, याच तीन कारणांनी आज गरिबाचं कर्ज वाढतं.

मनुस्मृतीत खटल्यांचे अठरा विषय सांगितले आहेत आणि त्यांत पहिला विषय कर्जाचा आहे. त्याच स्मृतीत एका वेळी घ्यायच्या व्याजाला मुद्दलाची मर्यादा घातली आहे. हीच पुढे दामदुपट म्हणून ओळखली गेली आणि इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातली न्यायालयं हिंदू ऋणकोला तिचा लाभ देत राहिली. पण मेख आहे ती 'एका वेळी' या शब्दांत. साचलेलं व्याज मुद्दलापुढे जाऊ नये एवढंच हा नियम पाहतो. सावकाराने दरमहा व्याज मोजून घेतलं तर दामदुपट आड येतच नाही. दहा हजारांवर महिन्याला पाचशे देणारी बाई वीस महिन्यांत दहा हजार देऊन बसते, आणि एकविसाव्या महिन्यात तिच्या डोक्यावर पुन्हा पुरते दहा हजार उभे असतात. नियमाचा शब्द पाळला जातो आणि त्यातला धर्म मरतो.

ऋणकोच्या बाजूलाही धर्मशास्त्राने विवेक ठेवला होता. बापाचं कर्ज मुलाने फेडावं, पण दारू, जुगार आणि चैनीसाठी केलेलं कर्ज मुलावर लादू नये, असं याज्ञवल्क्य सांगतो. बापाचं कर्ज मुलाने फेडण्याचं हे धर्मबंधन न्यायालयंही मानत आली होती. 2005 च्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) कायद्याने ते काढलं. त्या कायद्यानंतरच्या कर्जासाठी केवळ या धर्मबंधनाच्या आधारावर बापाच्या देण्यापायी मुलावर दावा चालत नाही. वारशाने मिळालेल्या मालमत्तेची जबाबदारी वेगळी. पण नवरा गेल्यावर त्याने कुणाकुणाकडून काय घेतलं होतं हे दाराशी येऊन सांगणाऱ्या प्रत्येकापुढे मान खाली घालणाऱ्या विधवेपर्यंत ही गोष्ट पोचलेली नाही.

दारूचं कर्ज वेगळं काढणारा तो विवेक भिलाईपासून काही तासांच्या अंतरावर पुन्हा जागा झाला होता. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात 1977 साली खाणकामगारांची संघटना उभी राहिली. शंकर गुहा नियोगी तिचे नेते. झगडून मजुरी वाढली आणि वाढलेले पैसे दारूच्या गुत्त्यावर जाऊ लागले. घरखर्चाचं गणित बायकांना आधी कळलं. संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली, ती उपदेश म्हणून नव्हे, मजुरी घरापर्यंत पोचावी म्हणून. 1983 मध्ये याच कामगारांनी वर्गणी आणि श्रम देऊन शहीद हॉस्पिटल उभं केलं, आणि घर बुडवणारं आणखी एक मोठं कारण हलकं झालं. नियोगी पुढे भिलाईत ठेकेदारी कामगारांच्या मजुरीसाठी लढले. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत त्यांची हत्या झाली.

धनकोच्या धर्माचा विचार करताना मराठी मन देहूकडे वळतंच. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळात घर बुडालं, बायको अन्नावाचून गेली. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण या कथेत एक तपशील आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. खतांचे त्यांनी आधी दोन वाटे केले. भाऊ कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि बुडवला तो फक्त आपला. दुसऱ्याच्या हक्कावर उदारपणा केला नाही आणि आपला हक्क मात्र सोडला. धनकोचा धर्म याहून नेमका कुणी सांगितलेला नाही.

भिलाईसारख्या सर्व धर्मांच्या वस्तीत हे सांगणं एकट्या हिंदूंचं नाही. अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी आणि सोडून दिलं तर अधिक चांगलं, असं कुराणात आहे. सातव्या वर्षी कर्जमुक्ती द्यावी, असं बायबलच्या जुन्या करारात आहे. सरकारलाही ही वाट ठाऊक होती. भिलाईचा दुर्ग जिल्हा नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांतात होता तेव्हा, 1933 साली, त्या प्रांताने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. धनको आणि ऋणकोला समोरासमोर बसवायचं, झेपेल एवढी रक्कम ठरवायची आणि हप्ते बांधून द्यायचे. असं मंडळ आज खुर्सीपारमध्ये हवं आहे.

तोवर घराने काय करावं? देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिणाऱ्या एकनाथांनी एका पैची चूक शोधत रात्र जागवली, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. हिशेबात तसं मन लागणं ही साधनाच आहे. वहीत सर्वांत वर अन्न, भाडं, औषध आणि शाळा लिहावी. घरात जेवणाऱ्या तोंडांचं ऋण पहिलं, आणि ते मागे ठेवून फेडलेला हप्ता पुण्य देत नाही. त्याखाली कर्जं, ज्याचं व्याज सर्वांत जड ते आधी. हप्ता भरण्यासाठी नवं कर्ज काढू नये. ते काढायची वेळ आली तर सरळ मुदत मागावी. मुदत मागण्यात पाप नाही. सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करायला आणि अपशब्द वापरायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तक्रारीसाठी तिचा क्रमांक 14448.

आणि सेक्टरमधल्या, नेहरूनगरमधल्या बऱ्या परिस्थितीतल्या वाचकांना एक विनंती. कामवालीला, गाडी चालवणाऱ्याला, भाजीवाल्याला व्याजाने पैसे दिले असतील तर आज वही काढून बेरीज करा. आजवर घेतलेलं व्याज मुद्दलाएवढं झालं असेल तर दामदुपट पुरी झाली असं समजा आणि कर्जाची चिठ्ठी ऋणकोच्या हातात परत द्या.