दानकोश आणि रक्ताचे मोल

(शास्त्रपाठ : मत्तय २७:३-१०, लूक १९:१-१०)



यहूदा इस्कार्योताने तीस रुपये मंदिरात फेकून दिले तेव्हा मुख्य याजकांपुढे मोठा पेच पडला. हे तर रक्ताचे मोल, ते देवाच्या दानकोशात कसे टाकावे, असा प्रश्न त्यांनी आपसांत काढला. त्यांच्यापाशी शास्त्राचा आधारही होता. अमंगळ कमाई नवस फेडण्याकरिता देवाच्या घरात आणू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहेच. परंतु हेच तीस रुपये थोड्याच काळापूर्वी ह्याच याजकांनी मोजून दिले होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्या वेळी कोणी नियमशास्त्र उघडून पाहिले नाही. शेवटी त्या पैशांचे कुंभाराचे शेत घेतले, परक्यांना पुरण्याची सोय झाली, आणि आपण एक धर्मकृत्य केले असे समाधानही त्यांस लाभले असेल. ज्याचे रक्त विकले गेले त्याचे काय, हा प्रश्न मात्र त्या सभेत निघाल्याचे मत्तय सांगत नाही.

हा उतारा वाचताना आम्ही त्या याजकांस सहज दोष देतो. पण ख्रिस्ताच्या मंडळीलाही हाच पेच पडला आहे, आणि तोही अशा लोकांस, ज्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. म्हणून त्यांचीच गोष्ट आज सांगतो.

१८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडातील साडेचारशेंहून अधिक पाळकांनी सरकारमान्य मंडळी सोडली. पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदाराच्या हाती असावा, हे त्यांच्या विवेकबुद्धीस पटेना. त्यांनी पगार सोडला, राहती घरे सोडली, देवळे सोडली, आणि 'फ्री चर्च' म्हणजे स्वतंत्र मंडळी स्थापन केली. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन व पुण्याचे स्कॉटिश मिशनरी हे ह्या मंडळीस मिळाले. विवेकाकरिता द्रव्यावर पाणी सोडणारी अशी माणसे इतिहासात फार नाहीत.

आता ह्या मंडळीपाशी देवळे नव्हती आणि पाळकांस पोसावयास पैसाही नव्हता. म्हणून १८४४ साली तिचे प्रतिनिधी मदत मागावयास अमेरिकेस गेले. तेथील दक्षिणेकडील प्रांतांत त्या वेळी आफ्रिकी वंशाची माणसे गुराढोरांप्रमाणे विकली जात. कापूस व भात पिकवणारी माणसे ती, पण पीक मालकाचे, मजुरी शून्य, आणि पोटची लेकरेही मालकाच्या वहीत मांडलेली. साउथ कॅरोलिना प्रांतातील चार्ल्सटन शहरच्या सधन मंडळ्यांनी ह्या पाहुण्यांचे उत्तम स्वागत केले व वर्गणी दिली. अमेरिकेतून एकंदर सुमारे ३,००० पौंड मिळाले. त्यांतील काही भाग गुलाम बाळगणाऱ्यांच्या हातचा होता.

पुढे जे झाले तेच आमच्या मते ह्या गोष्टीचे मर्म आहे. फ्री चर्चचे पुढारी डॉ. थॉमस चामर्स गुलामगिरीचे कैवारी मुळीच नव्हते. ती नाहीशी व्हावी असे त्यांनी पूर्वी लिहिलेही होते. परंतु वर्गणी आल्यावर भाषा बदलली. गुलामगिरीची पद्धत वाईट खरी, पण गुलाम बाळगणारा प्रत्येक मनुष्य पापी म्हणता येत नाही. त्याला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवता येत नाही. असे बारीक भेद निघू लागले. देणाऱ्यांनी मौनाची अट घातली होती असे कोणी म्हणत नाही. अट घालण्याचे कारणच पडले नाही. ज्याच्या ताटात आपण जेवलो त्याच्या घरच्या अन्यायाविषयी बोलताना जीभ आपोआप जड होते, हे कोणाही गावकऱ्यास सांगावयास नको.

१८४६ साली स्कॉटलंडच्या गावोगावी एक काळ्या वर्णाचा तरुण व्याख्याने देत फिरू लागला. त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस. मेरिलंड प्रांतात गुलामीत जन्मलेला, १८३८ साली पळून सुटलेला. त्याची एकच मागणी होती : ते पैसे परत पाठवा. एडिंबरोच्या भिंतींवर ही अक्षरे झळकू लागली, पोरेसोरे ती रस्त्यात ओरडू लागली. त्या वर्षी फ्री चर्चची महासभा भरली तेव्हा आपण श्रोत्यांत बसलो होतो, असे डग्लस यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. महासभेत मोठमोठी भाषणे झाली. प्रत्येक नाण्याचा उगम कोण शोधणार? देणाऱ्याचे पाप देणाऱ्याच्या माथी. प्रेषितांच्या काळीही धनी आणि दास एकाच मंडळीत होतेच की नाही?

हे बोलणे अगदीच पोकळ होते असे नाही. बाजारात फिरणाऱ्या रुपयावर कोणाकोणाचा घाम लागला आहे हे देवच जाणे. परंतु येथे उगम शोधावयाचा नव्हताच. तो उघड होता. मजुरी न दिलेल्या मजुरांची हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो, ती हाकच ह्या थैलीत बांधून आली होती. पौलाने अनेसिमाला फिलेमोनाकडे धाडले ते खरे. पण धाडताना त्याला भाऊ म्हणून घ्यावे असे लिहिले, आणि काही देणे असेल तर ते आपल्या नावावर मांडावे असेही लिहिले. फिलेमोनाकडून वर्गणी घेऊन तो गप्प राहिला नाही.

पैसे परत गेले नाहीत.

ह्याच साली इंग्लंडातील काही ख्रिस्ती स्नेह्यांनी १५० पौंड जमवून डग्लस यांची त्यांच्या जुन्या धन्यापासून कायदेशीर सुटका विकत घेतली. माणसाची किंमत मोजणे म्हणजे गुलामगिरी मान्य करणे, असा आक्षेप तेव्हा पुष्कळांनी घेतला. आम्हांस तो पटत नाही. चार्ल्सटनच्या पैशाने तोंड बंद झाले, ह्या पैशाने बेडी तुटली; दोन्ही हिशेब एका वहीत मांडता येत नाहीत.

चार्ल्सटनचे द्रव्य स्कॉटलंडातील गरजेकरिता होते. ते आमच्या देशी आले असे आम्ही म्हणत नाही. पण एक योग पाहण्यासारखा आहे. एडिंबरोत ही ओरड चालली होती त्याच सुमारास पुण्यास त्याच मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकत होते. पुढे १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, आणि तो अर्पण केला तो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांस. मौन धरणाऱ्यांस कोणी ग्रंथ अर्पण केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या अमेरिकन मराठी मिशनची मातृसंस्था जे अमेरिकन बोर्ड, त्याच्यावरही हाच आरोप आला होता. गुलाम बाळगणाऱ्यांची वर्गणी बोर्ड घेते म्हणून नाराज झालेल्यांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली, आणि यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांकरिता तिने अनेक शाळा उघडल्या.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात ज्या एस. पी. जी. मिशनने काम केले, तिची हकीकत याहून कठीण आहे. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाच्या गृहस्थाने १७१० साली मरतेसमयी बार्बाडोस बेटावरील आपले उसाचे मळे गुलामांसह ह्या सोसायटीस दिले. मिशन स्वतःच धनी बनली. तिच्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जाई. काही वर्षांनी ती चाल बंद झाली, गुलामगिरी मात्र शंभराहून अधिक वर्षे चालली. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने गुलाम मुक्त करण्याचा कायदा केला आणि मालकांस भरपाई म्हणून दोन कोटी पौंड ठरवले. सोसायटीस चारशेंहून अधिक माणसांबद्दल सुमारे ८,८०० पौंड मिळाले. त्या माणसांस काहीच मिळाले नाही. २००६ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने ह्याबद्दल क्षमा मागितली. २०२३ साली ह्या मिशनच्या आजच्या वारस संस्थेने बार्बाडोसमधील त्या गुलामांच्या वंशजांकरिता ७० लाख पौंडांची योजना जाहीर केली. उशीर झाला, हे कोणीही म्हणेल. पण जक्कयानेही काही पहिल्या दिवशीच चौपट परत केले नव्हते. प्रभू घरी आला तेव्हा केले. त्याने दान देण्याची गोष्ट काढली तशी परतफेडीचीही काढली, आणि ह्या दोन गोष्टी त्याने एक मानल्या नाहीत. चोरलेले परत करणे याला कोणी दान म्हणत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे माणसांचा बाजार भरत नाही, आणि वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. तरी ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे किती वर्षे त्या उचलीखाली राहते, हे उपदेशकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जातीवरून वेगळा पेला ठेवणारी घरे अजून आहेत, आणि त्या घरचा धनी कधी आपल्या देवळास वर्गणीही देतो. देऊळ गळत असते, पाळकाचा पगार थकलेला असतो. अशा वेळी एखादा सुखवस्तू मनुष्य पत्र्यांचे पैसे देतो, संगमरवरी पाटीवर त्याचे नाव लागते, आणि पुढल्या रविवारी याकोबाचा पाचवा अध्याय वाचावयाचा असता उपदेशक दुसराच पाठ निवडतो. मग मंडळीतील ज्या मजुराची मजुरी त्याच मनुष्याने बुडवली आहे तो मागच्या ओळीत बसून त्या नव्या छपराकडे पाहत राहतो.

मंडळी गरीब आहे हे आम्ही जाणतो. विधवेच्या दोन दमड्यांवर छप्पर होत नाही, असे पंच म्हणतील. कित्येक वर्षे होणारही नाही, हे आम्हांस मान्य आहे. दान नाकारावेच असेही आम्ही सांगत नाही. प्रभूने डोंगरावरील उपदेशात दुसरी वाट दाखवली आहे : आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. म्हणून कापणीच्या सणास अशी थैली आली तर पंचांनी ती लगेच पेटीत टाकू नये. ती वेदीपाशी ठेवावी, पावती लिहू नये, आणि पंचांपैकी दोघांनी त्या गृहस्थाबरोबर त्या मजुराच्या दारी जावे. हिशेब तेथे त्याच्या ओसरीवर बसून व्हावा, आणि त्याच्या बायकोलाही त्या वेळी बोलावून घ्यावे. कारण ऊस तिनेही तोडला आहे.