परक्या शब्दांचा आडोसा

घरातील सुखाचे प्रसंग आपण अजून मराठीतच साजरे करतो. केळवण, डोहाळजेवण, बारसे या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याची गरज परमुलखात वीस वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबालाही भासत नाही. परंतु संसारात काही बिनसले की सुशिक्षित माणसाची भाषा एकाएकी पालटते. खटका उडाला असे न म्हणता तो 'मिसअंडरस्टँडिंग' झाले असे म्हणतो. दुराव्याला 'स्पेस' हे नाव मिळते आणि मोडलेल्या संसाराला 'डायव्होर्स'. भाषाशुद्धीचे अभिमानी यावर रागावतात. मला मात्र हा प्रश्न भाषेपेक्षा नीतीचा अधिक वाटतो. आपले दुःख परक्या शब्दांत सांगणे हा सभ्यपणा म्हणावा की पळवाट?

मराठीत शब्दांचा तुटवडा आहे, ही सबब टिकणारी नाही. रुसवा, कुरबुर, धुसफूस, अबोला, बेबनाव, वितुष्ट हे शब्द ओळीने मांडले तर संसार कसकसा उसवत जातो त्याचा आलेखच डोळ्यांपुढे उभा राहतो. रुसणाऱ्याला कोणीतरी आपली समजूत काढील अशी आशा असते. अबोल्यात ती आशा मुकी होते. वितुष्टात ती उरतच नाही. एवढे बारकावे 'प्रॉब्लेम' या एका पोत्यात कोंबताना आपण काहीतरी गमावतो, यात शंका नाही.

तरीही आपण हे शब्द टाळतो, त्याला कारण आहे. आपल्या काही शब्दांना इतिहासाचे विष लागलेले आहे. 'घटस्फोट' हा आजचा प्रतिष्ठित, कायद्याचा शब्द. पण धर्मशास्त्रात ते पतिताला वाळीत टाकण्याच्या विधीचे नाव होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. जिवंत माणसाला मेलेला समजून नातलगांनी त्याच्या नावाने पाणी द्यावे, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने उलथून टाकावा, आणि मग त्याच्याशी बोलणेचालणे बंद करावे. विवाहविच्छेदासाठी आपण नेमका हाच शब्द उचलला! काडीमोड आणि सोडचिठ्ठी हे शब्द त्या मानाने किती साधे आहेत! अनेक जातींत काडीमोड होई आणि पुढे पाटही लागे. परंतु ज्या जातींत ही मुभा नव्हती त्यांनी तिला हलके मानले, आणि म्हणून पांढरपेशाच्या जिभेवर ते शब्द आजही सहज येत नाहीत. येथे आपली लाज संसार मोडल्याची जितकी असते तितकीच जातीची असते.

व्याकरणातही हा अन्याय शिरलेला आहे. 'त्याने बायको टाकली' या वाक्यात पुरुष कर्ता असतो आणि स्त्री एखाद्या वस्तूसारखी कर्म होते. 'टाकलेली' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. 'टाकलेला' म्हटले तर ऐकणारा विचारील, काय टाकलेले? अशा स्थितीत एखादी स्त्री शाळेच्या मुख्याध्यापिकेपुढे 'माझा डायव्होर्स झाला आहे' एवढेच सांगून मोकळी होत असेल, तर तिला भाषेचा अभिमान शिकवण्याचा अधिकार कोणाला आहे? त्या शब्दाच्या लॅटिन मुळात वेगळ्या दिशेला वळणे एवढाच अर्थ आहे. त्यात कोणी कोणाला टाकीत नाही.

म्हणून इंग्रजी शब्द उदार आणि मराठी शब्द निर्दय, असा निवाडा मात्र करता येणार नाही. १८८४ साली दादाजी भिकाजींनी रुखमाबाईंवर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचा आधार, म्हणजे नांदायला भाग पाडण्याचा वैवाहिक हक्क, ही कल्पना इंग्लंडच्या कायद्यातून आलेली होती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळताना हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नसल्याचे दाखवले होते. पुढे तो निर्णय फिरला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय त्यांच्यापुढे आला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या सुटल्या व पुढे डॉक्टर झाल्या. इंग्लंडने तो हक्क १९७० च्या कायद्याने रद्द केला. आमच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे. बेडीही कधी कधी विलायती असते.

आणि येथे आम्हां कारकुनांना दुसरी एक गोष्ट चटकन ओळखू यावी. फायलीवर आम्ही रोज लिहितो, 'निर्णय घेण्यात आला आहे.' कोणी घेतला, हे त्या वाक्यात कोठेच नसते, आणि ते नसावे म्हणूनच वाक्य तसे रचलेले असते. 'रिलेशनशिप वर्क झाली नाही' हे त्याच घराण्यातील वाक्य आहे. ज्याने दहा वर्षे पत्नीशी धड शब्द बोलला नाही, त्याला या वाक्याइतका सुरक्षित आडोसा दुसरा कोणता? कलकत्त्याला वा दिल्लीला सरकारी क्वार्टरच्या पातळ भिंतींपलीकडे मराठी कोणाला कळत नाही. गुपितासाठी तीच भाषा सोयीची. तरी नवराबायको भांडतात इंग्रजीत, कारण शेजारच्या खोलीत म्हातारी आई असते. तिला शब्द कळत नाहीत, पण आवाज कळतो. समजूत काढण्याचा जो एक हक्क तिच्यापाशी उरला होता, तोही अशा रीतीने काढून घेतला जातो.

तेव्हा शब्द कोणत्या भाषेतला, याहून तो कोणाला झाकतो हे पाहावे. सोसणाऱ्याची लाज झाकणारा परका शब्द हे दयेचे पांघरूण आहे; करणाऱ्याची जबाबदारी झाकणारा तोच शब्द लबाडी आहे. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट कायद्यात आला. त्यात दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. म्हणजे कायद्याने दोघांनाही कर्त्याच्या जागी बसवले. 'आम्ही वेगळे झालो' हे साधे मराठी वाक्यही तेच करते. त्यात कोणी टाकलेले नाही आणि कोणी लपलेलेही नाही. जेथे दोष एकाचाच असेल तेथे मात्र हे वाक्यही पुरणार नाही. तेथे त्या एकाने प्रथमपुरुषी एकवचनात बोलले पाहिजे.

मनूनेही पतिताला परतीची वाट ठेवली होती. प्रायश्चित्त झाल्यावर नातलगांनी त्याच्याबरोबर स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घडा जलाशयात सोडावा, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. शब्द आपण उचलला, पण त्याचा हा उत्तरार्ध विसरलो. आपल्या परिचयात ज्यांचे संसार मोडले आहेत त्यांना सणावारी पूर्वीप्रमाणे बोलावणे, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीत त्या स्त्रीचे नाव पूर्वीच्याच जागी ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे. ते आपण केले, तर तिला आपल्यापुढे परक्या शब्दाचा आश्रय घ्यावा लागणार नाही.