आजचं चिंतन : लगाम कोणासाठी?



आजचं वाचन कठोपनिषदातलं. यम नचिकेताला सांगतो : शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, बुद्धी सारथी आणि मन म्हणजे लगाम. वाचता वाचता मला माझी सायकल आठवली. हसू नका!

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. सकाळी तुंगारेश्वर फाट्याकडून सातिवलीत घरी येत होतो. पाऊस नुकताच थांबलेला, कंपन्यांची रात्रपाळी सुटलेली. डब्याची पिशवी घेतलेल्या एक ताई रस्ता ओलांडू लागल्या. मी दोन्ही ब्रेक आवळले. रिम ओली. रबर आधी नुसतं घसरलं, मग पकडलं. ताई चटकन मागे सरकल्या म्हणून निभावलं. "जरा हळू रे बाबा," एवढंच म्हणाल्या.

रात्री झोप लागेना. सायकल घेताना डिस्क ब्रेक मीच नको म्हटलं होतं. का? तर वजन वाढतं! तसा रिम ब्रेक वाईट नाही. मोठ्या शर्यतींत डिस्कला कायमची परवानगी मिळाली ती २०१८ मध्ये. तोवर बहुतेक जण रिम ब्रेकवरच धावले. कोरड्या रस्त्यावर तो पुरतो. पण पावसात रबराला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं. डिस्क चाकाच्या मध्याशी, चिखलापासून लांब असते, म्हणून लवकर पकडते.

म्हणजे काहीशे ग्रॅम वाचले माझे आणि धोका पत्करला त्या ताईंनी. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

संयम आपल्या उन्नतीसाठी असतो, असंच आपण समजतो. पण रथ रस्त्यावरून जातो आणि रस्त्यावर माणसं असतात. लगाम त्यांच्यासाठीही असतो. रागाचं, जिभेचंही तसंच.

मग डिस्क लावली की सुटलो का? नाही. ब्रेक चांगला आहे म्हणून मी आणखी जोरात जाईन, आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड तेवढीच राहणार. लगाम कितीही मजबूत असू दे, सारथी जागा हवा.

माझ्या फ्रेमला डिस्क बसत नाही. म्हणून पावसाळी रबरं लावली, वेग कमी केला, आणि वस्ती आली की ब्रेक आधीच हलके दाबून रिम पुसून घेतो. पुढची सायकल डिस्कचीच, थोडी जड असली तरी चालेल.

आज स्वतःला एकच विचारा : माझ्या हलकेपणाचं ओझं कोण वाहतंय?

राम कृष्ण हरी.