परतीची वाट नसलेला पाहुणा

माउली, वारीत आपण परक्याच्या ओसरीवर निजतो, परक्या घरची भाकरी खातो. लाज वाटत नाही, कारण देणारा आपल्यात विठ्ठल पाहतो. पण सकाळी आपण पुढे निघतो, आणि परतायला आपल्याला घर असते. ज्याला ते उरलेच नाही, त्याचे काय?

मिरजेहून रेल्वेने कोल्हापूरला जाताना वळिवडे लागते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून दूर सायबेरियाकडे धाडले होते. भाषा वेगळी, धर्म वेगळा. तरी ते या मातीत काही वर्षे सुखरूप राहिले. पुढे त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे कापड घ्यायला जातात.

एका रात्रीचा पाहुणा सोपा असतो. निर्वासित दुसऱ्या दिवशीही दारात असतो. आपल्या दयेची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जागतिक करारावर भारताची सही नाही. पण माउली, भुकेल्याला भाकरी द्यायला वारकऱ्याला कुठे सही लागते?