कोकणच्या दाराचे सूत्र

आषाढाची झड लागली की रत्नागिरीत घरोघरी एखादे तरी दार अडून बसते. मे महिन्यात बोटाने ढकलले जाणारे दार खांद्याने रेटावे लागते. लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगते. लांबीत नगण्य, पण रुंदीत जाणवण्याइतके. सागाची ३०० मिलीमीटर रुंदीची फळी घ्या. तिच्यातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला, तर ती अडीच-तीन मिलीमीटरपर्यंत रुंदावू शकते. जाणता सुतार हा आकडा सांगत बसत नाही. तो पॅनेल खिळ्यांनी जखडत नाही, खाचेत मोकळे सोडतो, आणि काम उन्हाळ्यात चालले असेल तर फट जरा जास्त ठेवतो.

सुताराच्या हातातले हे शहाणपण आता संगणकावर लिहून ठेवता येते. पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमध्ये दार काढायचे म्हणजे त्याच्या भागांमधली नाती ठरवायची. दाराच्या रुंदीतून दोन उभ्या पट्ट्या वजा करायच्या, दोन्ही खाचांची खोली मिळवायची, फुगण्यासाठी सोडलेली जागा पुन्हा वजा करायची. उरते ती पॅनेलची रुंदी. हे एकदा नीट लिहिले की रुंदीचा एक आकडा बदलताच पट्ट्या, पॅनेल, बिजागऱ्यांच्या जागा आपोआप बदलतात. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’मधून या विचाराचे बीज टाकले, १९८८ मध्ये ‘प्रो-इंजिनियर’ने तो उद्योगात रुजवला. आज ‘फ्रीकॅड’ फुकट मिळते.

विचार आपल्याला परका नाहीच. वराहमिहिराने बृहत्संहितेत मंदिराचे दार असेच सांगितले आहे: गर्भगृहाच्या रुंदीचा चौथा हिस्सा दाराची रुंदी, त्याच्या दुप्पट उंची, उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी रुंद द्वारशाखा. एक माप द्या, बाकीची निघतात. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या, १९१० सालच्या इमारतीच्या, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहतानाही हेच सुचते. अर्धवर्तुळ आले की रुंदीच्या निम्मी उंची कमानीलाच लागते. रुंदी वाढवून उंची तीच ठेवू म्हटले तर कमान बसकी तरी होते किंवा खालचा सरळ भाग आखडतो.

मला खरी काळजी वाटते ती सूत्र कोण लिहितो याची. थंड मुलुखातल्या माणसाने लिहिलेल्या फाइलमध्ये हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत लाकूड आकसेल याचा विचार असणार. आपला जुलै त्यात कुठून येणार? आपण मात्र ती फाइल उतरवून घेतो, नक्षी आणि रंग बदलतो आणि दार आपल्या मनासारखे झाले म्हणतो. हवामान आणि घरातली माणसे यांच्यासाठी ज्यात रकानाच नाही, ते दार कितीही पर्याय देवो, मनासारखे नव्हे.

चाकाच्या खुर्चीचेच बघा. सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलीमीटर हवी. मोकळी म्हणजे दार उघडल्यावर प्रत्यक्ष उरणारी. उघड्या फळीची जाडी त्यातून आधीच गेलेली असते. म्हणून हिशोब उलटा, माणसापासून सुरू व्हायला हवा: आधी मोकळी रुंदी, मग दार, मग चौकट, शेवटी जांभ्याच्या भिंतीतले भगदाड. आपण बहुतेकदा गवंड्याने सोडलेल्या भगदाडापासून सुरुवात करतो आणि घरातल्या म्हातारीच्या वाट्याला उरेल ते येते. उंबरठ्याचा पेच त्याहून अवघड. उंच ठेवला तर पावसाचे पाणी अडते, खुर्चीही अडते. सपाट केला तर पडवी रुंद हवी, पागोळ्या दूर पडायला हव्यात, बाहेरच्या फरशीला उतार हवा. म्हणजे दाराचे सूत्र छपरापर्यंत जाऊन पोचते. यातले काय सोडायचे हे सॉफ्टवेअर ठरवणार नाही. ते घरच्यांनी आणि सुताराने बसून ठरवायचे.

रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. तिथल्या मुलांनी गावातल्या जुन्या दारांच्या फटी एकदा चैत्रात आणि एकदा श्रावणात मोजाव्यात. साग, फणस, ऐन यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. सुताराशेजारी बसून त्याचे अंदाज विचारून घ्यावेत आणि कोकणच्या दाराची फाइल मराठीत लिहून सर्वांना खुली करावी. त्या फाइलवर सुताराचे नाव पहिले असावे.